गाडी विकली, विमा कुणाचा?

तुर्भे नाक्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास उभं राहून ठाणे-बेलापूर रस्त्याकडे पाहत राहावं. बाजार समितीकडून परतणारे रिकामे टेम्पो, टीटीसीतल्या कारखान्यांच्या बसगाड्या, सायन-पनवेल महामार्गाकडे वळणारे कंटेनर, आणि या सगळ्यांमधून अंग चोरून वाट काढणाऱ्या छोट्या मोटारी. त्यांतल्या कितीतरी मोटारी दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातल्या असतात. आमच्या भागात नवी गाडी घेणाऱ्याचं अभिनंदन होतं, पण सल्ला विचारायला लोक येतात ते जुनी गाडी घेताना.

जुन्या गाडीच्या व्यवहारात तीन वाक्यं ठरलेली असतात. 'इंजिनाला कुणी हात लावलेला नाही.' 'डॉक्टरची गाडी आहे.' आणि 'विमा फेब्रुवारीपर्यंत आहे.' पहिल्या दोन वाक्यांवर घेणारा मनातून विश्वास ठेवत नाही. मेकॅनिक आणतो, बॉनेट उघडायला लावतो, चाकाखाली वाकून बघतो. तिसऱ्या वाक्यावर मात्र तो डोळे मिटून विश्वास ठेवतो, कारण ते कागदावर छापलेलं असतं. गोष्ट खरीही असते. विमा फेब्रुवारीपर्यंत असतोच. तो कुणाचा, हे विचारायचं राहून जातं.

मी कवितेचा माणूस. पण वस्तीत मराठी नीट लिहिणारा म्हणून माझी ओळख असल्यामुळे अर्ज, तक्रारी, खुलासे लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रेशनकार्डाखालोखाल सर्वाधिक कागद मी पाहिले असतील तर ते गाडीचे. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. 'बीम' म्हणजे भय. भयावर काढलेला तोडगा तो विमा. मोटारीच्या बाबतीत भय दोन प्रकारचं असतं. एक, माझ्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही बरंवाईट होईल. दुसरं, माझ्या गाडीचंच काही होईल. आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो त्या पॉलिसीत ही दोन्ही भयं एकाच कागदावर शिवलेली असतात. पहिल्या भागाला 'थर्ड पार्टी' म्हणतात, दुसऱ्याला 'ओन डॅमेज'. कागद एक, शिक्का एक, मुदत एक, म्हणून माणसाला वाटतं की वस्तूही एकच आहे. गाडी विकली जाते त्या दिवशी हा टाका उसवतो. एक भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, दुसरा जात नाही.

जो भाग जातो, तो का जातो ते आधी पाहू. बाजार समितीतला एखादा माथाडी कामगार रात्रपाळी संपवून पहाटे रस्ता ओलांडतो आहे. त्याला मोटार धडकली. ती मोटार कुणाच्या नावावर आहे, गेल्या आठवड्यात विकली गेली की नाही, नव्या मालकाने अर्ज केला की नाही, याच्याशी त्या माणसाचा काय संबंध? त्याने त्या पॉलिसीवर सही केलेली नाही. तो त्या करारातला 'तिसरा' माणूस. विमा कंपनी पहिली, गाडीवाला दुसरा आणि रस्त्यावरचा तिसरा. कायद्याने विमा सक्तीचा केला तो या तिसऱ्यासाठी. गाडीवाल्यासाठी नाही.

ही सक्ती इंग्लंडात १९३० च्या कायद्याने आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिची तरतूद झाली, पण प्रत्यक्ष अंमल सुरू झाला १ जुलै १९४६ पासून. गाडी विकल्यावर विम्याचं काय, या प्रश्नाचं तेव्हा समाधानकारक उत्तर नव्हतं. १९६९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. विकणाऱ्याने विमा कंपनीकडे अर्ज करायचा, आणि कंपनीने पंधरा दिवसांत नकार कळवला नाही तर विमा नव्या मालकाकडे गेला असं समजायचं. म्हणजे तिसऱ्या माणसाचं नशीब पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या पत्रव्यवहारावर टांगलेलं. अर्जच केला नसेल तर कंपनी हात वर करायला मोकळी. या मुद्द्यावर देशभरातल्या न्यायालयांत किती भांडणं झाली असतील! शेवटी १९८८ च्या कायद्याने, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला, ही अटच काढून टाकली. त्याचं कलम १५७ सांगतं की गाडीची मालकी बदलली त्या तारखेपासून विमाही नव्या मालकाकडे गेला असं मानलं जाईल. अर्ज असो वा नसो. २०१९ च्या दुरुस्तीत विम्याचं सगळं प्रकरण नव्याने लिहिलं गेलं आणि १ एप्रिल २०२२ पासून ते अमलात आलं, पण हे तत्त्व तसंच ठेवलं आहे.

इथपर्यंत ऐकून कुणीही म्हणेल, मग झालं की! कायदाच म्हणतो विमा आपोआप जातो.

नेमकी इथेच गफलत होते. सर्वोच्च न्यायालयासमोर १९९५ मध्ये एक प्रकरण आलं होतं. एका कंपनीने वापरलेली मोटार विकत घेतली. नोंदणी रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतली. विमा मात्र आधीच्या मालकाच्या नावावर राहिला. मोटारीला अपघात झाला, नव्या मालकाने दुरुस्तीचा दावा केला, आणि कंपनीने तो नाकारला. न्यायालयाने कलम १५७ चा अर्थ उलगडून सांगितला : हे कलम ज्या प्रकरणात येतं ते प्रकरण तिसऱ्या माणसाच्या सक्तीच्या विम्याचं आहे. म्हणून आपोआप जातो तो तेवढाच विमा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा हा कंपनी आणि माणूस यांच्यातला खासगी करार आहे, आणि त्यात नवा माणूस घ्यायचा तर कंपनीशी तसं ठरवावं लागतं. दावा फेटाळला गेला.

मला हा निकाल कोरडा वाटला होता. पुढे विचार करता पटला. घर भाड्याने देताना आपण माणूस बघतो. भाडेकरूने परस्पर दुसऱ्याला आणून ठेवलं आणि 'करारनामा आहेच की फेब्रुवारीपर्यंत' म्हटलं तर आपल्याला चालेल का? विमा कंपनीनेही पहिल्या मालकाचा दाव्यांचा इतिहास पाहून हप्ता ठरवलेला असतो. शिवाय विम्याचं एक जुनं सूत्र आहे. ज्याचं नुकसान होणार त्यालाच भरपाई मागता येते. विकणाऱ्याकडे पॉलिसी आहे पण गाडी नाही, म्हणून त्याचं नुकसानच नाही. घेणाऱ्याकडे गाडी आहे, नुकसान आहे, पण करार नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद.

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची हकिकत सांगतो. त्यांनी २००५ च्या मे महिन्यात एक चार वर्षं वापरलेली छोटी मोटार घेतली. जूनअखेर आरसी बुकावर त्यांचं नाव चढलं. विम्याला सात महिने बाकी होते. ते नोकरीला कुर्ल्याला. २६ जुलैला गाडी तिथेच उभी होती. त्या दिवशी काय झालं ते मुंबईकराला सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिसऱ्या दिवशी गृहस्थ गाडीपाशी पोचले तेव्हा सीटवर गाळाचा थर होता आणि डॅशबोर्डच्या आत पाणी डुचमळत होतं. पूर ही 'ओन डॅमेज'खाली येणारी गोष्ट. पण पॉलिसीवर नाव होतं जुन्या मालकाचं. कंपनीने दोन ओळींचं पत्र पाठवलं. ते पत्र घेऊन ते माझ्याकडे आले, अपील लिहून द्या म्हणाले. मी लिहून दिलं, माझ्या परीने चांगलंच लिहून दिलं. उपयोग झाला नाही. जुना मालक सज्जन माणूस होता, 'माझ्या नावाने दावा करा, पैसे तुम्हाला देतो' असंही म्हणाला. पण आरसीवर त्याचं नाव राहिलेलं नव्हतं. ती गाडी शेवटी भंगारात गेली. तिचं कर्ज मात्र पुढे दोन वर्षं फिटत होतं.

मग काय केलं असतं म्हणजे हे टळलं असतं? कायदा चौदा दिवस देतो. मालकी बदलल्याच्या तारखेपासून चौदा दिवसांत घेणाऱ्याने विमा कंपनीकडे अर्ज करावा, असं त्याच कलमात पुढे म्हटलं आहे. आरटीओकडे कळवण्याची मुदत वेगळी. विकणाऱ्याला चौदा दिवस, गाडी परराज्यात जाणार असेल तर पंचेचाळीस. घेणाऱ्याला तीस दिवस. आता या मुदतींची गंमत पाहा. घेणाऱ्याला आरटीओसाठी तीस दिवस आणि विमा कंपनीसाठी चौदाच. आपले लोक काय करतात, नव्या नावाचं आरसी कार्ड टपालाने हातात येईपर्यंत थांबतात आणि मग विम्याकडे वळतात. तोवर चौदा दिवस कधीच उलटलेले असतात. खरं तर कार्डाची वाट पाहायची गरज नाही. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म भरून आरटीओकडे दिल्याची पोच, विक्रीची पावती, विकणाऱ्याचं संमतीपत्र आणि नवा प्रस्ताव-अर्ज एवढं घेऊन विमा कंपनीकडे आधी जाता येतं. अर्ज हातोहात दिला तर शिक्क्यासह पोच घ्यावी, टपालाने पाठवला तर त्याचीही पावती. मोबाइलवरच्या अॅपमधून केला तर जो क्रमांक येतो तो जपून ठेवावा. कार्ड आलं की त्याची प्रत मागाहून द्यावी.

विकणाऱ्याचं संमतीपत्र हा शब्द वाचून पुष्कळांचा उत्साह मावळतो. पैसे देऊन झाले, चावी घेऊन झाली, आता त्याच्या मागे कोण लागणार? म्हणून माझं सांगणं असतं, पैसे देतानाच सही घ्या. एकोणतीस, तीस आणि विम्याचं संमतीपत्र, तिन्ही एकाच बैठकीत. चहा प्यायला वेळ असतोच, सहीलाही असतो.

आता विकणाऱ्याकडे वळू. हा माणूस निर्धास्त असतो. पैसे मिळाले, कटकट गेली. आमच्या शेजारच्या इमारतीत एका निवृत्त शिक्षकांना गाडी विकल्यावर सात महिने वाहतूक पोलिसांचे ई-चलानचे संदेश येत होते. कधी पामबीच रस्त्यावर वेग जास्त, कधी पुण्याला सिग्नल तोडला. गाडी कुठे कुठे हिंडते आहे ते त्यांना घरबसल्या कळत होतं. ते हसून सांगायचे, 'मुलगी सासरी गेल्यासारखं वाटतं, खुशाली कळते.' हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट ती नव्हे. मोटार वाहन कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे, आणि ती म्हणते, ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो मालक. चावी कुणाकडे आहे, पैसे कुणी दिले, हे तिथे विचारलं जात नाही.

या व्याख्येची धार २०१८ च्या फेब्रुवारीत दिसली. उत्तर भारतात २००९ मध्ये एका मोटारीने मागे येताना दोघांना धडक दिली. एकाचा जीव गेला, एक स्त्री जखमी झाली. गाडी ज्याच्या नावावर होती त्याने ती २००७ मध्येच विकलेली होती, आणि पुढे ती हातोहात आणखी विकली गेली होती. आरसीवर मात्र पहिल्याचंच नाव. भरपाई कुणी द्यायची? उच्च न्यायालयाने शेवटच्यांपैकी एका घेणाऱ्याला धरलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अपघातग्रस्ताने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे धावत बसावं असं कायद्याला अभिप्रेत नाही, नोंदीतला मालक तो मालक, आणि जबाबदारी त्याची. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीची.

याला जोडून २०२० च्या जूनमधला एक निकाल सांगायला हवा, नाहीतर चित्र एकांगी होईल. तिथे प्रकरण मालवाहू ट्रकचं होतं. मालकाने ट्रक विकण्याचा करार केलेला होता, पण नोंदणीही त्याच्याच नावावर आणि पॉलिसीही त्याच्याच नावावर. अपघात झाल्यावर कंपनी म्हणाली, तुम्ही ट्रक विकलेला आहे, तुम्हाला भरपाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं म्हणणं मान्य केलं नाही. जबाबदारी लादताना नोंदीतला माणूस मालक, मग भरपाई देताना तो मालक कसा नाही? पैसे त्याला मिळायला हवेत, असा निकाल झाला.

१९९५ चा आणि २०२० चा निकाल शेजारी ठेवले की धोक्याची जागा नेमकी दिसते. आरसी आणि पॉलिसी दोन्ही जुन्या नावावर असतील तर कायद्याच्या नजरेत जुना मालक अजून मालकच आहे, ओझ्यासकट. दोन्ही नव्या नावावर असतील तर नवा मालक पूर्ण सुरक्षित. आरसी नव्या नावावर आणि पॉलिसी जुन्या नावावर, ही मधली फट. माझे कुर्ल्याचे गृहस्थ त्या फटीत पडले. आपले लोक मोठ्या कष्टाने आरसी नावावर करून घेतात, एजंटाला पैसे देतात, दोन खेपा घालतात, आणि कार्ड हाती आलं की 'झालं सगळं' म्हणून पेढे वाटतात. नुकसानीच्या विम्यापुरतं पाहिलं तर नेमक्या त्याच दिवशी ते उघड्यावर आलेले असतात.

विकणाऱ्याने आणखी एक करावं. डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी, आणि किलोमीटरचा आकडाही. अपघाताच्या भरपाईतून ही पावती सुटका करत नाही, ते आपण पाहिलंच. पण गाडी त्या वेळी कोण चालवत होतं हे पोलिसांना सांगणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, आणि अशा वेळी 'दुपारी साडेतीनला चावी दिली' हा कागद फार उपयोगी पडतो.

आता हप्त्याच्या सवलतीचा मुद्दा, ज्यावरून घेणाऱ्या-विकणाऱ्यांत हमखास वाजतं. वर्षभर दावा केला नाही की पुढच्या वर्षी 'ओन डॅमेज'च्या हप्त्यात सूट मिळते, तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, आणि पाच वर्षं निर्दोष गेली की पन्नास. ही सूट गाडीला नसते, माणसाला असते. तुम्ही सांभाळून चालवलीत त्याची शाबासकी तुमची. गाडी विकली तरी ती तुमच्याकडे राहते. कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला ती लावता येते. हे पत्र न घेता लोक गाडी विकून मोकळे होतात आणि पाच वर्षांची पुण्याई वाया घालवतात.

याची दुसरी बाजू घेणाऱ्याच्या खिशाला लागते. समजा, ओन डॅमेजचा मूळ हप्ता दहा हजार आहे आणि विकणाऱ्याला पन्नास टक्के सूट होती, म्हणून त्याने पाच हजारच भरले. वर्षातले सहा महिने बाकी असताना तुम्ही गाडी घेतली. तुम्हाला ती सूट लागू नाही. उरलेल्या सहा महिन्यांचा फरक, म्हणजे अडीच हजार आणि वर कर, कंपनी तुमच्याकडून घेते आणि मगच पॉलिसीवर तुमचं नाव चढवते. लोकांना हा भुर्दंड वाटतो. 'विम्याचे पैसे तर आधीच भरलेत ना?' म्हणून ते भांडतात, आणि नाव बदलून घ्यायचं टाळतात. अडीच हजार वाचवायला चार लाखांची गाडी उघड्यावर ठेवणं, याला हिशेब म्हणता येत नाही. किंमत ठरवतानाच हा फरक विचारात घ्यावा, म्हणजे नंतर खटका उडत नाही. तुमच्या आधीच्या गाडीची सूट तुम्ही राखून ठेवली असेल तर तीही इथे वापरता येते. मग भुर्दंड कमी होतो किंवा उरतच नाही.

नव्या गाड्यांनी या सगळ्याला आणखी एक पीळ दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ओन डॅमेजचा मात्र दरवर्षी वेगळा घेता येतो, प्रसंगी दुसऱ्याच कंपनीचा. म्हणजे दोन वर्षं जुनी मोटार घेतली तर तिच्याबरोबर दोन पॉलिसी असू शकतात, दोन कंपन्यांच्या, वेगवेगळ्या मुदतीच्या. 'विमा अजून वर्षभर आहे' असं सांगितलं जातं तेव्हा त्यातली कोणती, हे पाहायलाच हवं. थर्ड पार्टी वर्षभर आहे आणि ओन डॅमेज गेल्याच महिन्यात संपलाय, असं सर्रास असतं. गाडीच्या नंबरावरून सरकारच्या 'एम-परिवहन'वर विम्याची मुदत दिसते, तेवढं बघून समाधान मानू नये. पॉलिसी मागून घेऊन वाचावी. वाचायची जागा पहिल्याच पानावर असते, बारीक अक्षर लागत नाही.

पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमाही असतो, पंधरा लाखांचा. तो नावाच्या माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतो. पॉलिसीवर नाव जुन्या मालकाचं आणि गाडीत तुम्ही, तर हे पंधरा लाख तुमच्या बायकामुलांचे नाहीत. याबद्दल अधिक बोलवत नाही.

गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो आरसीवरून आधी उतरवावा लागतो. पस्तीस नंबरच्या फॉर्मवर बँकेची सही लागते. बँकेचं नाव पॉलिसीवरही असतं, तेही काढून घ्यावं. गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर भरपाईवर पहिला हात बँकेचा असतो, आणि कर्ज फिटूनही नाव राहिलं असेल तर ऐन वेळी बँकेच्या दाखल्यासाठी धावपळ होते.

दलालामार्फत गाडी विकणाऱ्यांसाठी एक बरी गोष्ट झाली आहे. पूर्वी दलाल कोऱ्या फॉर्मवर सह्या घ्यायचा, गाडी दुकानापुढे उभी करायचा आणि गिऱ्हाईक मिळेल तेव्हा मिळेल. तोवर गाडी कोण फिरवतंय याचा पत्ता नाही. केंद्र सरकारने नियम बदलले, आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. अशा अधिकृत विक्रेत्याकडे गाडी दिल्याची सूचना ऑनलाइन नोंदवली की तिथून पुढे तो विक्रेता गाडीचा मालक मानला जातो. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न अधिकारपत्राचा विचारावा. कोऱ्या फॉर्मवर सही मागितली तर गाडी परत घरी न्यावी.

आता राहिला एक प्रसंग, ज्यात विक्री नसते, पावती नसते, पण मालक बदलतो. गाडीचा मालक वारतो. घरात दुःख असतं, विम्याचा कागद कुणाच्या ध्यानात असणार? पॉलिसीतली अट अशी आहे की विमाधारकाच्या मृत्यूनंतर ती लगेच रद्द होत नाही. तीन महिने, किंवा मुदत आधी संपत असेल तर मुदतीपर्यंत, चालू राहते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचा पुरावा देऊन ती आपल्या नावावर करायची किंवा नवी घ्यायची. आरटीओचे नियमही याच मापाचे आहेत. मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत एकतीस नंबरच्या फॉर्मवर अर्ज करायचा.

आमच्या खालाजानचे यजमान वारले तेव्हा त्यांची मोटार मुलाच्या नावावर करायची ठरली. वारस चार. खालाजान, मुलगा आणि दोन मुली. गाडी एकाच्या नावावर करायची तर बाकी तिघींची संमती लागली. एक मुलगी पुण्याला, दुसरी दुबईला. हल्ली नोंदणी करतानाच आरसीवर वारस म्हणून नामनिर्देशन करता येतं, २०२१ पासून तशी सोय झाली आहे, नंतरही ऑनलाइन नाव घालता येतं. खालूंच्या कार्डावर ते नाव नव्हतं. विमा कंपनीला पत्र दहाव्या दिवशीच दिलं होतं. दुबईहून सही केलेलं संमतीपत्र यायला पाच आठवडे लागले, आणि तोवर गाडी इमारतीखाली झाकून ठेवलेली होती. तीन महिने पुरे व्हायला अकरा दिवस असताना दोन्ही कागदांवर मुलाचं नाव चढलं.